रोज रात्री तोच अलर्ट: लाइव्ह स्ट्रीमच्या देखरेखीचे नियम आणि थ्रेशोल्ड कसे बसवायचे

रोज साधारण त्याच वेळेला तोच अलर्ट येतो. स्ट्रीम उघडून बघावी तर सगळं ठीक. दहा मिनिटांत 'रिझॉल्व्ह्ड' असा दुसरा मेसेज येतो. मग कोणीतरी थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या आकड्याला अलर्ट वाजायचा ती मर्यादा, जरा सैल करतं, चार दिवस शांततेत जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं सैल करत करत एक दिवस खरोखर स्ट्रीम बंद पडते तेव्हा अलर्ट येतच नाही. फोन येतो तो पुण्यात किंवा परदेशात बसून दर्शन घेणाऱ्या भाविकाचा.

नाशकात देवळांचं लाइव्ह दर्शन, रामकुंडावरची गोदाआरती, कीर्तनं, क्लासेसची लेक्चर्स, लग्नं यांचं स्ट्रीमिंग करणाऱ्या छोट्या टीम्स आता पुष्कळ आहेत आणि ज्यांच्याशी बोलावं ते हेच रडगाणं सांगतात. माझं म्हणणं असं की आकडा सैल करून हा त्रास सुटत नाही, कारण बहुतेक वेळा दुखणं आकड्यात नसतं. ते असतं आकड्याच्या आजूबाजूला: तो किती वेळ टिकला तर वाजायचं, कोणत्या घड्याळाने मोजायचं, आणि वाजल्यावर नेमकं कोणी उठायचं.

खालची उदाहरणं एफएफएमपेगच्या (चित्र-आवाज तपासणारं सॉफ्टवेअर) तपासण्या, प्रोमिथियस (आकडे गोळा करून नियम तपासणारं) आणि अलर्टमॅनेजर (मेसेज पाठवणारं) यांवर बेतलेली आहेत. ती फुकट मिळतात आणि लहान टीमला परवडतात. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर सेटिंगची नावं वेगळी असतील, कारणं हीच सापडतील.

आधी वेळा मांडा

कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी मागच्या महिनाभरातले अलर्ट एका शीटमध्ये उतरवा. सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कुठली जागा, कुठला नियम. वेळा भारतीय घड्याळाच्या लिहा. एवढ्यानेच अर्धं निदान होतं. रोज घड्याळ लावल्यासारखा येणारा अलर्ट त्या जागेच्या दिनक्रमातून येतो, नाहीतर टाइमझोनच्या गोंधळातून. तीन-चार मिनिटांनी चालू-बंद होणारा अलर्ट म्हणजे वाजण्याचा आणि थांबण्याचा आकडा एकच ठेवलेला आहे. सगळ्या जागा एकदम ओरडल्या तर त्यांची लाइन, वीज किंवा सर्व्हर सामाईक आहे. आणि ज्या दिवशी बिघाड झाल्याचं तुम्हाला माहीत आहे पण शीटमध्ये काहीच नाही, तो दिवस लाल शाईने लिहून ठेवा. त्याच्याकडे पुढे येऊ.

रात्रीचा 'काळा पडदा'

पंचवटीतल्या एका देवळाच्या स्ट्रीमवर रात्री दहा-सव्वादहाला 'चित्र काळं' असा अलर्ट रोज यायचा. एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र स्ट्रीम करून पाठवणारं यंत्र) तपासला, केबल तपासली, कॅमेरा बदलायची भाषा सुरू झाली. शेवटी गाभाऱ्याशी उभं राहून गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो भाऊ, शेजारती झाली की समया शांत होतात, दिवे मालवतो. आत फक्त नंदादीप. मग अंधार नाही दिसणार तर काय दिसणार?"

एफएफएमपेगची काळं चित्र ओळखणारी तपासणी मूळ सेटिंगमध्ये असं धरते: चित्रातले ९८ टक्के पिक्सेल काळे असतील आणि तसं २ सेकंद राहिलं, तर चित्र काळं. नंदादीपाच्या उजेडात मूर्तीचा चेहरा आणि थोडी प्रभावळ उजळते, बाकी अंधार. म्हणजे देव स्पष्ट दिसत असतानाही ९८ टक्क्यांची अट पुरी होऊ शकते. सिग्नल जाऊन खरंच काळं चित्र आलं तर मात्र काळेपणा पूर्ण १०० टक्के असतो. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची असते. त्यासाठी त्याच कॅमेऱ्याचं रात्रीचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग घ्या, त्यावर तपासणी वेगवेगळ्या टक्क्यांनी चालवून बघा. कुठल्या आकड्याला ती गप्प होते ते दिसेल. त्याच्या जरासं वर थांबा. समजा ९९ ला गप्प झाली, तर ९९.५ ठेवा. अवधीही २ सेकंदांवरून २० वर न्या. एवढ्या वेळात दार उघडणं-मिटणं, कॅमेऱ्यासमोरून कोणी जाणं हे सगळं निघून जातं.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. बरेच एन्कोडर सिग्नल गेल्यावर काळं चित्र दाखवतच नाहीत. निळा पडदा दाखवतात, रंगीत पट्टे दाखवतात किंवा 'नो सिग्नल' लिहिलेली पाटी. काळ्या पडद्याचा नियम कितीही घासूनपुसून लावला तरी तो इथे उपयोगाचा नाही. तिथे कामाला येतो तो पुढचा नियम.

मूर्ती हलत नाही, म्हणून स्ट्रीम गोठली असं नाही

लाइव्ह दर्शनाच्या स्ट्रीमला सगळ्यात जास्त छळणारा अलर्ट म्हणजे 'फ्रीझ'. कॅमेरा स्टँडवर घट्ट, समोर मूर्ती, गाभाऱ्यात कोणी नाही. सॉफ्टवेअर दोन फ्रेममधला सरासरी फरक मोजतं आणि तो एका मर्यादेखाली गेला की चित्र गोठलं म्हणतं. एफएफएमपेगमध्ये ही मर्यादा मुळात ०.००१ आहे आणि अवधी २ सेकंद. त्यात एन्कोडर कमी बिटरेटवर (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) असेल तर न हलणारा भाग तो पुन्हा पाठवतच नाही, मागचाच वापरतो. त्यामुळे चित्रातली बारीक खरखरही नाहीशी होते आणि एका कीफ्रेमपासून (पूर्ण नव्याने पाठवलेली फ्रेम) पुढच्या कीफ्रेमपर्यंत चित्र खरोखर जसंच्या तसं राहतं.

इथे लोक अवधी वाढवत नेतात. ३० सेकंद, २ मिनिटं, १० मिनिटं. दुपारी देऊळ बंद असताना तेही अपुरं पडतं. शेवटी नियमच बंद केला जातो आणि मग कॅमेरा खरा अडकला तर दिवसभर तोच हार, तेच वस्त्र दिसत राहतं.

यावर पक्का उपाय आहे: चित्रात सतत बदलणारं काहीतरी ठेवा. आयपी कॅमेऱ्यात तारीख-वेळ चित्रावर दाखवायची सोय असते, ती चालू करा, सेकंदासकट. ही वेळ कॅमेऱ्यानेच टाकलेली हवी. एन्कोडरने टाकली तर कॅमेरा अडकला तरी सेकंद पळत राहतील आणि तुमची फसगत होईल.

पण नुसतं घड्याळ लावून भागत नाही आणि इथेच पुष्कळ जण वैतागून सोडून देतात. गणित करून बघा. १२८० बाय ७२० च्या चित्रात ९,२१,६०० पिक्सेल असतात. सेकंदाचा शेवटचा आकडा समजा १५ बाय ३० पिक्सेलचा, म्हणजे ४५०. तो पांढऱ्याचा पूर्ण काळा झाला तरी सगळ्या चित्राच्या सरासरीत फरक पडतो साधारण ०.०००५. मर्यादा ०.००१. म्हणजे घड्याळ चालू असूनही तपासणी म्हणणार की चित्र गोठलं. म्हणून सगळं चित्र तपासूच नका. क्रॉप फिल्टरने घड्याळाचा कोपरा कापून घ्या आणि फ्रीझची तपासणी फक्त त्या तुकड्यावर लावा. त्या छोट्या तुकड्यात आकड्याचा बदल मोठा ठरतो आणि दर सेकंदाला दिसतो. अवधी १० सेकंद ठेवला तरी खोटा अलर्ट येत नाही. निळा पडदा आला, 'नो सिग्नल'ची पाटी आली, कॅमेरा अडकला, या सगळ्यात कोपऱ्यातलं घड्याळ थांबतं किंवा नाहीसं होतं आणि नियम वाजतो.

एका नियमाने इतकी कामं क्वचितच होतात. वेळ कमी असेल आणि आज एकच सुधारणा करायची असेल तर ही करा.

आवाज: शांतता आणि भुणभुण

सायलेन्सची तपासणी मुळात उणे ६० डेसिबलला आणि २ सेकंदांना बसवलेली असते. कीर्तनकार बुवा एखाद्या ओवीनंतर थांबले तरी २ सेकंद सहज जातात. अवधी निदान ३० सेकंद हवा, प्रवचनाला त्याहून जास्त.

पण आवाजातला खरा धोका उलट बाजूचा आहे. माइकची केबल निघाली किंवा अर्धवट बसली की पूर्ण शांतता येईलच असं नाही. अर्थिंग नीट नसेल तर ५० हर्ट्‌झची भुणभुण येते, आणि ती उणे ६० च्या कितीतरी वर असते. सॉफ्टवेअरच्या लेखी आवाज चालू आहे. ऐकणाऱ्याला बुवांचा एक शब्द कळत नाही. म्हणून तपासणीच्या आधी आवाज साधारण ३०० ते ३००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात गाळून घ्या, माणसाचं बोलणं मुख्यतः त्यात असतं. मग उरलेल्या आवाजावर सायलेन्स तपासा. भुणभुणीचे वरचे पडसाद त्या पट्ट्यातही थोडे येतात, म्हणून मर्यादा उणे ६० न ठेवता केबल काढून प्रत्यक्ष मोजलेल्या पातळीच्या थोडी वर ठेवा.

पहाटेची काकड आरती आणि साडेपाच तास

आता टाइमझोनचं दुखणं. याची खूण इतकी स्पष्ट आहे की शीट नीट भरली असेल तर बघताक्षणी ओळखता येतं.

रात्री १० ते पहाटे ५ देऊळ बंद, म्हणून त्या वेळात अलर्ट नकोत असं कोणीतरी ठरवतं आणि अलर्टमॅनेजरमध्ये गप्प राहण्याची वेळ २२:०० ते ०५:०० अशी, मध्यरात्रीला दोन तुकडे करून, लिहितं. टाइमझोन दिलेला नसेल तर ही वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, धरली जाते. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. म्हणजे प्रत्यक्षात नियम गप्प बसतात पहाटे ३:३० ते सकाळी १०:३०. परिणाम असा की रात्री १० ते साडेतीन अलर्टचा मारा चालू राहतो आणि पहाटे काकड आरतीला स्ट्रीम बंद पडली तर एक शब्द नाही. शीटमध्ये रात्री साडेतीनला अलर्ट एकदम थांबत असतील तर दुसरं काही शोधत बसू नका.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. नव्या आवृत्तीत वेळेच्या व्याख्येत लोकेशन देता येतं, तिथे एशिया/कोलकाता लिहा. मध्यरात्र ओलांडणारी वेळ मात्र एका ओळीत चालत नाही, सुरुवातीची वेळ शेवटच्या वेळेच्या आधीची असावी लागते. म्हणून २२:०० ते २४:०० आणि ००:०० ते ०५:०० असे दोन तुकडे करा. जुनी आवृत्ती असेल तर स्वतःच यूटीसीत लिहा: १६:३० ते २३:३०. यात मध्यरात्रीचा प्रश्नच येत नाही.

आणि माझा आग्रह आहे की वेळेनुसार गप्प बसवायचे ते फक्त चित्राचे आणि आवाजाचे नियम. लाइन, एन्कोडर, सर्व्हर यांचे नियम कधीच गप्प करू नका. देऊळ बंद असलं तरी लाइन चालू असायला हवी, आणि रात्री दोनला तुटलेली लाइन तेव्हाच कळली तर पहाटेपर्यंत काहीतरी करता येतं. महाशिवरात्री, कोजागरी, नवरात्र या दिवसांत दिनक्रमच बदलतो. अशा दिवसांची यादी देवस्थानाकडून महिन्याच्या सुरुवातीला घ्या आणि त्या रात्री गप्प राहण्याची वेळ हाताने काढा.

सगळं हिरवं, पण चित्र थांबलेलं

शीटमधले ते लाल शाईचे दिवस इथे येतात. पुष्कळ ठिकाणी देखरेख म्हणजे काय, तर दर मिनिटाला एचएलएसच्या (स्ट्रीम छोट्या तुकड्यांत, म्हणजे सेगमेंटमध्ये, पाठवण्याची पद्धत) प्लेलिस्टचा, म्हणजे त्या तुकड्यांच्या यादीचा, पत्ता उघडायचा आणि २०० (फाइल मिळाली) हे उत्तर आलं की ठीक समजायचं. एन्कोडर मेला तरी सर्व्हरवर शेवटची प्लेलिस्ट पडलेली असते. सीडीएन (स्ट्रीम बघणाऱ्यांपर्यंत पोचवणारं सर्व्हरचं जाळं) ती आनंदाने देत राहतो, २०० सह. बघणाऱ्याच्या पडद्यावर मात्र चक्र फिरत असतं.

तपासायचं ते प्लेलिस्ट पुढे सरकतेय का. तिच्यात मीडिया सिक्वेन्सचा क्रमांक असतो, जुना सेगमेंट गळून नवा आला की तो वाढतो. तो किती सेकंदांपूर्वी वाढला हा आकडा घ्या आणि त्यावर नियम लावा. थ्रेशोल्डही अंदाजाने ठरवायची गरज नाही. एचएलएसचं २०१७ चं तांत्रिक पत्रक, आरएफसी ८२१६, सांगतं की थेट प्रक्षेपणात नवी प्लेलिस्ट टार्गेट ड्युरेशनच्या (सेगमेंटची ठरलेली कमाल लांबी) दीडपटीच्या आत यायला हवी. सेगमेंट ६ सेकंदांचे असतील तर ९ सेकंद. तेच पत्रक प्लेअरला सांगतं की शेवटापासून तीन टार्गेट ड्युरेशनपेक्षा जवळून सुरुवात करू नये, म्हणजे बघणाऱ्याच्या हाताशी साधारण १८ सेकंदांची शिल्लक असते. ९ सेकंद ओलांडले तर काहीतरी बिनसतंय, नोंद ठेवा. १८ ओलांडले तर भाविकाचं दर्शन थांबलंय, फोन वाजला पाहिजे. सेगमेंट २ सेकंदांचे केले तर हे आकडेही त्या हिशोबाने खाली आणा. सेगमेंट बदलून नियम तसेच ठेवणं हे नव्या बिघाडाचं नेहमीचं कारण आहे.

त्यानंतर उशिराची बेरीज करा. प्रोमिथियस मुळात दर मिनिटाला आकडे गोळा करतो, दर मिनिटाला नियम तपासतो. नियमात 'इतका वेळ टिकलं तर' म्हणून २ मिनिटं दिली, आणि अलर्टमॅनेजर पहिला मेसेज पाठवण्याआधी मुळात ३० सेकंद थांबतो. १८ सेकंद, अधिक एक मिनिट, अधिक एक मिनिट, अधिक दोन, अधिक अर्धं. सगळं वाईट जुळून आलं तर फोन वाजेपर्यंत पावणेपाच मिनिटांच्या आसपास जातात. छोटी आरती असेल तर तोवर ती संपत आलेली असते. गोळा करणं आणि तपासणं १५ सेकंदांवर आणा, टिकण्याची अट ३० सेकंद आणि पहिल्या मेसेजची वाट १० सेकंद ठेवा. बेरीज दीड मिनिटाच्या आत बसते. लहान टीमच्या सर्व्हरला एवढा भार जाणवतही नाही.

बिटरेटचा नियम मी शक्यतो काढून टाकतो

'१५०० केबीपीएसच्या खाली गेलं की कळवा' हा नियम सगळीकडे असतो आणि तो रात्री हमखास वाजतो. व्हेरिएबल बिटरेटवरचा एन्कोडर न हलणाऱ्या चित्राला कमी बिट खर्च करतो, हे त्याचं काम आहे. त्याऐवजी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम येतात ते, बघा. २५ चा फ्रेम रेट मिनिटभर २० च्या खाली राहिला तर चित्र धक्के खातंय, मग मूर्ती हलो वा न हलो.

मोबाइल नेटवर्कवरून एसआरटीने (बेभरवशाच्या लाइनवरून व्हिडिओ पाठवण्याची पद्धत) पाठवत असाल तर 'हरवलेली पॅकेट' (डेटाचे तुकडे) या आकड्यावर अलर्ट लावू नका. एसआरटी हरवलेली पॅकेट परत मागवतो, त्यातली बहुतेक वेळेत येतात. वेळेत न आल्याने सोडून दिलेली पॅकेट हा खरा आकडा, कारण तेवढंच चित्रातून गायब होतं. आणि तो सतत वाढत असेल तर अलर्टच्या आधी लेटन्सीचं (मुद्दाम ठेवलेला उशीर) सेटिंग तपासा. मूळ सेटिंग १२० मिलिसेकंद असतं. लाइनवर जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या साधारण चौपट ठेवावं असा संकेत आहे. मोबाइलवर ८० मिलिसेकंद लागत असतील तर ३२० च्या खाली राहू नका. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला त्र्यंबकेश्वरात माणसांची रीघ लागते. अशा गर्दीत टॉवरवरचा भार वाढून हा वेळ कितीतरी पट होऊ शकतो, तेव्हा अशा दिवसांसाठी लेटन्सी एक-दोन सेकंद ठेवलेली बरी. लाइव्ह दर्शनात दोन सेकंदांच्या उशिराने कोणाचं काही बिघडत नाही.

जो आकडा वरखाली नाचतोच, त्याला वाजण्याची आणि थांबण्याची मर्यादा वेगळी द्या. २० च्या खाली गेलं की वाज, २४ च्या वर पाच मिनिटं राहिलं की थांब. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा दोन मर्यादा नसतील तर अलर्ट सुरू झाल्यावर किमान अमुक वेळ चालू ठेवण्याची सोय शोधा. प्रोमिथियसमध्ये ती २०२३ पासून आहे. चालू-बंद मेसेजची माळ तिथल्या तिथे तुटते.

केबलचं हेडएंड (जिथून चॅनेल घरोघरी जातात ते केंद्र) सांभाळणाऱ्यांसाठी थोडक्यात: कंटिन्युटीच्या चुकांची (पॅकेटचा क्रम तुटणं) संख्या मोजू नका. नेटवर्कवरच्या एका यूडीपी पॅकेटमध्ये चित्र-आवाजाची साधारण सात टीएस पॅकेट असतात, त्यामुळे एक हरवलं की एकदम बऱ्याच चुका दिसू शकतात आणि आकडा घाबरवतो. चूक झालेले सेकंद मोजा. मिनिटात एखादा सेकंद असेल तर सकाळी बघा, दहा असतील तर लगेच.

एक फायबर तुटली की मेसेजचा पूर

सिंहस्थाच्या तयारीने रस्त्यांची कामं जोरात आहेत, फायबर तुटायचे प्रसंग येणारच. एका लाइनवर आठ स्ट्रीम असतील तर प्रत्येकीचे फ्रीझ, आवाज, प्लेलिस्ट, फ्रेम रेट मिळून ढीगभर मेसेज एकदम येतात आणि त्यात 'लाइन बंद' हा एकच कामाचा मेसेज हरवतो.

प्रत्येक नियमाला जागेचं लेबल लावा आणि अलर्टमॅनेजरमध्ये त्या लेबलवर मेसेज एकत्र करा. शिवाय दाबण्याचा नियम लिहा: एखाद्या जागेची लाइन बंद असेल तर त्याच जागेचे बाकीचे अलर्ट दाबायचे. 'त्याच जागेचे' हे ठरतं दोन्ही अलर्टमध्ये समान असलेल्या लेबलवरून. इथे एक खड्डा आहे. समान असावं म्हणून दिलेलं लेबल दोन्हीकडे नसेलच, तर अलर्टमॅनेजर ते समानच धरतो. लेबलच्या नावात एका अक्षराची चूक झाली की गंगापूर रोडची लाइन तुटल्यावर पंचवटीचे अलर्टही दाबले जातात. 'बिघाड झाला पण अलर्ट आला नाही' अशी तक्रार आणि त्याच वेळी दुसरीकडे मोठा बिघाड चालू होता असं दिसलं, तर लेबलची नावं अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आणि 'लाइन बंद'चा टिकण्याचा अवधी बाकीच्यांपेक्षा कमी ठेवा, नाहीतर दाबणारा जागा होईपर्यंत बाकीचे ओरडून मोकळे झालेले असतात.

कोण उठणार

गोदावरीला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाहीत, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आलं ते विचारतात. पायाशी आलं की घाटावरचे टपरीवाले सामान हलवायला लागतात, कमरेला लागलं की गाव सावध होतं, गळ्याशी आलं तर पूर मोठा. प्रत्येक खुणेला कोणी काय करायचं हे ठरलेलं आहे. आपल्या थ्रेशोल्डना हेच हवं. ज्या आकड्यावर कोणी काही करणार नाही, तो आकडा ग्राफवर राहू द्या, त्याचा अलर्ट करू नका.

मी तीनच पायऱ्या ठेवतो. बघणाऱ्याचं चित्र किंवा आवाज थांबला असेल तर ड्यूटीवरच्या एका माणसाला फोन कॉल. पाच मिनिटांत त्याने 'बघतोय' असं नोंदवलं नाही तर दुसऱ्याला. बघणाऱ्याला अजून काही कळलेलं नाही पण कळू शकतं, उदाहरणार्थ दोनपैकी एक लाइन गेली, तर मेसेज. बाकी सगळं सकाळच्या यादीत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर अलर्ट टाकणं मला अजिबात मान्य नाही. वीस जणांना गेलेला मेसेज प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटतो. आणि ज्याची झोप मोडणार आहे त्याला नियम बदलायचा अधिकार द्या. त्याच्याइतकं खोट्या अलर्टचं दुखणं कोणालाच कळत नाही.

देखरेख करणाराच गेला तर

प्रोमिथियसला आकडेच मिळाले नाहीत तर नियमाला तपासायला काही उरत नाही. वाजत असलेला अलर्ट अशा वेळी चक्क थांबतो आणि 'रिझॉल्व्ह्ड' मेसेज येतो. स्ट्रीम बंद, एन्कोडर बंद, आणि मेसेज सांगतो की सगळं ठीक. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या आकड्यासाठी 'आकडा येतच नाही' हा वेगळा नियम हवाच. अॅबसेंट नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे.

यापुढचा धोका असा की देखरेखीचा कॉम्प्युटर एन्कोडरच्याच खोलीत, त्याच यूपीएसवर, त्याच राउटरवर असतो. जूनच्या पहिल्या वादळी पावसात वीज गेली, यूपीएस संपला, की दोघं एकदम जातात आणि कळवायला कोणी उरत नाही. देखरेख दुसऱ्या ठिकाणी ठेवा, भाड्याचा छोटा सर्व्हर पुरतो. शिवाय कायम वाजत राहणारा एक नियम लिहा आणि तो दर मिनिटाला बाहेरच्या एखाद्या सेवेला 'मी आहे' असा निरोप पाठवू द्या. निरोप थांबला की ती सेवा तुम्हाला फोन करेल.

तोडून बघा

नियम लिहून झाले की प्रत्येक बिघाड मुद्दाम करून बघायचा. गुरुजींना आदल्या दिवशी सांगा, दुपारी देऊळ बंद असतानाची वेळ घ्या, पेजवर सूचना टाका. माइकची केबल काढा. कॅमेऱ्याची वायर काढा. एन्कोडरचं नेट बंद करा. मग देखरेखीच्या सर्व्हरवर प्रोमिथियस थांबवा. दर वेळी केबल काढल्यापासून फोन वाजेपर्यंतचे सेकंद लिहा आणि वरच्या बेरजेशी ताडून बघा. बेरीज ८८ सेकंद सांगत असेल आणि फोन चार मिनिटांनी वाजत असेल तर कुठेतरी जुनी सेटिंग्ज तशीच राहिली आहेत.

३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्टमध्ये पहिलं अमृतस्नान. ही सगळी तपासणी त्याच्या आधी श्रावणातल्या एखाद्या सोमवारी, भर गर्दीत, मोबाइल लाइनवरही करून घ्या. त्या दिवशीचे एसआरटीचे आकडे जपून ठेवा. पर्वकाळाचे थ्रेशोल्ड त्यावरून लावता येतील.